उतरायचं कुठे?

मामांनी सकाळी सहाला नागपूर सोडलं आणि सिन्नरच्या साखरपुड्याला पंगत बसायच्या आत ते दारात उभे होते. आल्याआल्या त्यांनी यजमानांना वेळ सांगितली, मग यजमानांच्या भावाला, मग पाणी घेऊन आलेल्या पोराला. पूर्वी याच अंतराला अख्खी रात्र लागायची. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये मान अवघडायची, मेहकरच्या आसपास कुठेतरी अपरात्री चहा व्हायचा आणि नाशिक जिल्हा लागेपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असायचं.

असे मामा आणि अशी भाची सध्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही लग्नघरात भेटतात, तेव्हा त्यांची नावं सांगायचं कारण नाही. मामा निवृत्त कार्यकारी अभियंता. रस्ते, पूल आणि ठेकेदारांची बिलं यांत हयात गेलेली. भाची मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात डॉक्टर. तिच्या वडिलांची सिन्नर तालुक्यातली काही जमीन समृद्धी महामार्गात गेली आहे. तेव्हा या रस्त्याविषयी बोलायचा अधिकार दोघांनाही आहे आणि दोघंही तो सोडत नाहीत.

"वाटेत किती वेळा थांबलात?" भाचीने ताट पुढे ओढता ओढता विचारलं.

"थांबायचं कशाला? टाकी फुल्ल होती. सलग आलो."

"म्हणजे पोचवलं ते नशिबाने, तुम्ही नाही."

मामा हसले, पण त्यांना ते लागलं. कारण समृद्धीची बढाई ते स्वतःच्या घराची मारावी तशी मारतात. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर. दहा जिल्हे, ३९२ गावं. २०१५ मध्ये घोषणा झाली. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पुढचे तुकडे जोडत जोडत इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. त्याच टप्प्यात कसाऱ्याच्या डोंगरातला जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटर वेगाची, परवानगी मोटारींना १२० ची. पन्नास हजार कोटींहून अधिक खर्चाचं काम आपल्या राज्यात दहा वर्षांत तडीला जातं, याचं अभियंत्याला अप्रूप वाटलं तर त्यात नवल नाही.

"तुला माहीत आहे का," मामा म्हणाले, "मोटारींसाठी वेगळा रस्ता बांधायची कल्पना शंभर वर्षांची आहे. इटलीत मिलानपासून सरोवरांकडे जाणारा रस्ता १९२४ मध्ये खुला झाला. बैलगाडी नाही, सायकल नाही, मधे चौक नाही, पैसे भरा आणि जा. जर्मनीत लोक हिटलरचं नाव घेतात, पण कोलोन ते बॉन हा रस्ता १९३२ मध्येच झाला होता आणि त्याचं उद्घाटन केलं कोलोनचे तेव्हाचे महापौर आडेनाउअर यांनी. तेच पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. या सगळ्यामागचं गणित साधं आहे. समोरून गाडी येणारच नाही असा रस्ता केला की समोरासमोरची धडक संपते. आडवा रस्ता नाही म्हटल्यावर चौकातला अपघात संपतो. जर्मनीत वाहनांचा एकूण जितका प्रवास होतो त्यातला जवळपास एक तृतीयांश ऑटोबानवर होतो, आणि रस्त्यावरचे मृत्यू तिथे दहा-बारा टक्के. आणि लक्षात घे, त्या रस्त्याच्या मोठ्या भागावर वेगाला मर्यादाच नाही!"

"तिथे मालट्रक डाव्या-उजव्या कुठल्याही लेनमधून जातो का हो?"

"बाकी काही असो," मामांनी प्रश्नाला वळसा घातला, "आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक बिनकठड्याच्या, बिनदिव्याच्या, गावातून जाणाऱ्या रस्त्यांवर गेली असतील. माझा रस्ता त्यावरचा उपाय आहे."

इथे मामांचं अर्धं बरोबर आहे. त्याच वर्षी केंद्राच्या अहवालात राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग मिळून देशातल्या रस्त्यांच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के होते आणि मृत्यूंमधला त्यांचा वाटा होता सुमारे ३६ टक्के. त्यात गावं चिरत जाणारे महामार्ग बहुसंख्य, हे खरं. पण रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता म्हणजे आपोआप सुरक्षित रस्ता, हे गणित भारतात अजून कुणी सोडवून दाखवलेलं नाही.

भाचीने तिचं गणित मांडलं. "ताशी १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. दोन सेकंद डोळा लागला तर गाडी सहासष्ट मीटर तुमच्याशिवाय गेली. ८० वरून १२० वर गेलात की वेग दीडपट होतो, पण धडकेची ताकद सव्वादोनपट होते. आमच्याकडे समृद्धीवरून येणारा पेशंट आणि जुन्या रोडवरून येणारा पेशंट मी स्ट्रेचरवर बघून ओळखते. जुन्या रोडचा पाय मोडून येतो. समृद्धीचा आला, तर डोकं, छाती, पोट, सगळंच एकदम."

मग ती २०२३ सालाबद्दल बोलली. या रस्त्याविषयी बोलताना ते वर्ष टाळता येत नाही. १ जुलैच्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ दुभाजकाला धडकून उलटली. उलटली ती दाराच्या बाजूवर. दार जमिनीला टेकलं, आग लागली आणि २५ जण आत अडकून गेले. महिन्याभराने शहापूर तालुक्यात सरलांबे इथे पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं, त्यात २० कामगार व कर्मचारी गेले. ऑक्टोबरमध्ये सैलानी बाबाच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनीबस वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर मागून आदळली, १२ मृत्यू. तो ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने रस्त्यातच थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. जिथे थांबायला मनाई आहे त्याच रस्त्यावर तपासणीसाठी गाडी थांबवली जाते, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही.

"त्यात रस्त्याचा काय दोष?" मामा म्हणाले. "टायर घासलेले, ड्रायव्हर सतरा तास जागा, ट्रक उजव्या लेनमध्ये. आमचं डांबर-सिमेंट त्यांना जाऊन धडकलं का?"

"तुमच्या रस्त्यावर मोटार १२० ला परवानगी, मालट्रक ८० ला. ओव्हरलोड ट्रक चढाला साठलासुद्धा येत नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा यांच्यात दुप्पट वेगाचा फरक आणि दोघं एकाच लेनमध्ये. हा फरक आखणीत दिसला नाही का? आणि सरळसोट रस्त्यावर बघायला काहीच नसतं, त्यामुळे उघड्या डोळ्यांनी झोप लागते. हे नागपूरच्याच व्हीएनआयटीच्या अभ्यासात आलं, मी मनाचं सांगत नाही."

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या स्थापत्य विभागाने समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास केला होता. एकसुरी, वळणं नसलेला रस्ता चालकाला गुंगी आणतो, हे त्यांनी एक कारण म्हणून मांडलं. उपाय तसे स्वस्त आहेत. रस्त्याकडेला अंतराअंतरावर काही वेगळं दिसेल असं करणं, गाडीला हलका हादरा देणाऱ्या पट्ट्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबायला जागा. पहिला टप्पा उघडला तेव्हा ५२० किलोमीटरवर पेट्रोल पंप मोजके, खायला काही नाही, स्वच्छतागृहांची वानवा. उद्घाटनाची तारीख ठरली होती, चहाच्या टपरीची ठरली नव्हती. परिवहन विभागाने मग प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली, फार वेगात आलेल्यांना उतरताना बाजूला घेऊन अर्धा तास समुपदेशन सुरू केलं. त्यांची चेष्टा झाली, पण त्या अर्ध्या तासाने काही चालकांना सक्तीची विश्रांती तरी मिळाली असेल.

भाचीचा ताटातला मसालेभात तसाच राहिला होता. मामांनी जिलबी मागवली आणि हुकमाचं पान टाकलं: मुंबई-पुणे.

त्यांच्या पिढीच्या अभियंत्यांसाठी हा रस्ता म्हणजे तारुण्य. रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झालं आणि देशातला पहिला सहा पदरी, प्रवेशनियंत्रित, काँक्रीटचा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग त्याने २००२ पर्यंत पूर्ण केला. रिलायन्सची ३,६०० कोटींची निविदा नाकारून महामंडळाने तोच रस्ता १,६०० कोटींच्या आसपास बांधला, ही गोष्ट तेव्हाचे बांधकाममंत्री नितीन गडकरी अजून भाषणांत सांगतात. मामा ती त्यांच्यापेक्षा चांगली सांगतात.

"भातण, माडप, कामशेतचे बोगदे तेव्हा आम्ही बघायला जायचो, देवळात जावं तसे. पुणं तीन तासांच्या आत आलं. हिंजवडी उभी राहिली ती काय जुन्या घाटातल्या रांगांवर? आणि सुरक्षेचं म्हणशील, तर तिथेही सुरुवातीला माणसं गेलीच. भक्ती बर्वे २००१ मध्ये गेल्या, भातण बोगद्याजवळ. २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे. २०२२ मध्ये विनायक मेटे. पण रस्ता सुधारता येतो. २०१६ मध्ये त्या मार्गावर १५१ मृत्यू होते. महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी एकेक जागा धरून काम केलं, २०२० मध्ये आकडा ६६ वर आला."

"२०२० हे टाळेबंदीचं वर्ष, मामा."

"बरं, थोडं सोड. तरी कमी झालेच ना?"

झाले. २०२० चा आकडा जपून वापरावा लागतो, पण त्यानंतरच्या वर्षांतही मृत्यू २०१६ च्या पातळीला गेले नाहीत. त्यासाठी जादू केली नाही. रस्त्याकडेचे उघडे खांब आणि काँक्रीटचे ओटे झाकले, कठड्यांची टोकं बदलली, उभ्या गाड्या हटवायला गस्त वाढवली, जखमीपर्यंत पोचायचा वेळ कमी केला. भाचीने इथे मामांचं पूर्ण ऐकून घेतलं. तिचा आक्षेप वेगळा होता आणि प्रस्तुत लेखकाला तो बिनतोड वाटतो. रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला, हे काम २०१६ मध्ये सुरू झालं. मधली चौदा वर्षं ही शिकवणी कुणाच्या जिवावर चालली? आणि ती शिकवणी झाल्यावर तेच महामंडळ समृद्धी बांधायला घेतं, तेव्हा पहिल्या दिवशी तिथे विश्रांतिस्थळं का नसतात? धडा एकदा गिरवला की दुसऱ्या वहीत उतरायला हवा होता.

मुंबई-पुण्याची दुसरी बाजू मामा सांगत नाहीत. शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्यांची रांग लागते ती सगळ्यांना पाठ आहे. अमृतांजन पूल ही १८३० मधली दगडी वास्तू, तिच्या खांबांपाशी वाहतूक अडते म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीचा मुहूर्त साधून पाडली. कोंडी पुढे सरकली एवढंच. आता खोपोली ते कुसगाव असा १३ किलोमीटरचा नवा दुवा आहे, प्रचंड रुंदीचे बोगदे आणि दरीवरचा पूल असलेला. अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करून जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की महामार्गाची लांबी जितक्या प्रमाणात वाढते जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढतो. कोंडी असते तशीच राहते. लोणावळ्याला राहणाऱ्याला हे निबंध न वाचता कळतं. आणि टोल? मोटारीला ३२० रुपये, वसुलीची मुदत २०४५ पर्यंत. रस्त्याचा मूळ खर्च किती वेळा वसूल झाला, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

हे सगळं होईपर्यंत पंगत उठली. मंडळी ओसरीवर आली आणि विषय शेतावर गेला. भाचीचे वडील, आबा, तिथेच पान लावत बसले होते, पण मेहुण्यासमोर ते रस्त्याबद्दल बोलत नाहीत. तिने सांगितलं.

२०१७ चा उन्हाळा सिन्नर तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. सरकारची पहिली योजना जमीन एकत्रीकरणाची होती: जमीन द्या, बदल्यात नव्या नगरात विकसित भूखंड घ्या. बागायतदारांनी मोजणीला आलेल्यांना परत पाठवलं. शिवडे गावात शेतकऱ्यांनी झाडांना गळफास टांगले, सरणं रचली. विरोध वाढल्यावर सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला आणि मोबदला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत नेला. मग मात्र खरेदीखतं भराभर झाली.

"पाचपट!" मामा म्हणाले. "आमच्या काळात कालव्याला जमीन घेतली की शेतकऱ्याची दुसरी पिढी कोर्टात पैसे मागत फिरायची. इथे महिन्यात खात्यावर रक्कम. देशात कुठे असं झालंय?"

"पैसे आले, कबूल आहे. आले आणि आठ दिवसांत दोन्ही आत्या आल्या, सातबाऱ्यावरचं नाव घेऊन. त्यांचा हक्कच होता, मिळालाही. पण इतकी वर्षं भाऊबीजेला येणाऱ्या बहिणी आता वकिलामार्फत बोलतात. चुलत्यांनी स्कॉर्पिओ घेतली. आबांनी नाशिकला फ्लॅट घेतला, तो भाड्याने आहे. जमीन मात्र अशी कापली गेली की विहीर इकडे आणि दीड एकर तिकडे. त्या दीड एकराला जायचं तर भुयारी मार्गातून वळसा. पावसाळ्यात त्या भुयारात गुडघाभर पाणी."

"पाणी साचतं ते देखभालीचं काम. कळवा ना."

"कुणाला? ग्रामपंचायत म्हणते महामंडळाचं, महामंडळ म्हणतं ठेकेदाराचं."

मामा गप्प बसले. ही भाषा त्यांना चांगली येते, तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बोललेली आहे.

पाचपट मोबदला हा खरोखरच मोठा बदल होता आणि ज्यांच्याकडे जिरायती, खडकाळ जमीन होती त्यांना तो लाभला, हे नाकारण्यात अर्थ नाही. विदर्भात अनेक कुटुंबांनी त्या पैशातून रस्त्यापासून दूर अधिक जमीन घेतली, मुलांची शिक्षणं केली. पण ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांना, म्हणजे त्या शेतावर राबणाऱ्या मजुराला, वाटेकऱ्याला, जमीन जाताना काय मिळालं याचा हिशेब कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात आला नाही. सरकारच्या खातेवहीत त्यांचं खातंच नसतं.

खरा वाद इथून पुढे आहे, आणि तो टोलचाही नाही नि वेगाचाही नाही.

"मामा, आबांच्या शेतातून रस्ता जातो. त्यावर आबा जाऊ शकतात का?"

"का नाही? इंटरचेंजवरून चढायचं."

"त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. दुचाकीला मनाई. रिक्षाला मनाई. ट्रॅक्टर तर विचारूच नका. एसटीने जातील म्हणाल, तर एसटी त्यावर थांबणार कुठे?"

एसटी महामंडळाने पहिला टप्पा उघडल्यावर लगेच, डिसेंबर २०२२ मध्येच, नागपूर-शिर्डी बस सुरू केली होती. प्रतिसाद थंड होता, आणि तो तसा असणार हे एसटीच्या कुठल्याही कंडक्टरने सांगितलं असतं. एसटी चालते ती दोन टोकांच्या प्रवाशांवर चालत नाही. मधल्या स्टँडवर चढणारी म्हातारी, दोन गावं पुढे उतरणारा कॉलेजचा मुलगा, वरून टाकलेलं वर्तमानपत्रांचं बंडल, यांच्यावर तिचा धंदा. प्रवेशनियंत्रित रस्त्याचा गुण असा की मधलं कुणी आत येत नाही. एसटीच्या दृष्टीने तोच त्याचा दोष.

मामांनी इथे व्यापाऱ्याची बाजू घेतली आणि ती हलकी नव्हती. नाशिकचा भाजीपाला, वऱ्हाडातली संत्री, जालन्याचं बियाणं आणि लोखंड, वर्ध्याचा कापूस, या सगळ्याला मुंबई जवळ आली. ट्रकचे तास वाचले की डिझेल वाचतं, चालकाच्या महिन्यात दोन फेऱ्या जास्त होतात, नाशवंत मालाची नासाडी घटते. "तुझ्या दवाखान्यात नागपूरहून अवयव आणायची वेळ आली तर कुठल्या रस्त्याने आणशील?" त्यांनी विचारलं. भाचीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "समृद्धीनेच." मामांना तेवढ्यावर समाधान मिळालं असतं, पण तिने लगेच पुढचं विचारलं. "आणि मेहकरच्या एखाद्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर? तिची रिक्षा समृद्धीवर चढत नाही. तिला जुना रोडच. त्या रोडचे खड्डे बुजवायला आता कोण बघतंय?"

जुन्या रस्त्यावरची गावं पुसली जातील असं नाही. अमेरिकेत जशी रूट ६६ वरची काही गावं आंतरराज्य महामार्ग आल्यावर ओस पडली आणि १९८५ मध्ये तो रस्ता अधिकृत यादीतूनच काढला गेला, तसं इथे होणार नाही. मेहकर, सिंदखेड राजा, वैजापूर ही तालुक्यांची गावं आहेत, बाजाराची आहेत, ती जगतील. पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर चालणारे ढाबे, पंक्चरवाले, रसवंत्या यांचं गिऱ्हाईक रस्ता बदलून गेलं. समृद्धीवर त्यांना जागा नाही. तिथली दुकानं निविदेने दिली जातात आणि निविदा भरायला पंक्चरवाल्याकडे अनामत रक्कम नसते. मूळ आराखड्यात यावर उत्तर होतं, नवनगरांचं. इंटरचेंजपाशी गोदामं, शीतगृहं, शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने असलेली नगरं उभी राहणार होती आणि खेड्यातल्या पोराला तिथे काम मिळणार होतं. रस्ता टोकापासून टोकापर्यंत झाला. नवनगरांचा मोठा भाग अजून नकाशावर आहे.

मामा याला त्रुटी मानत नाहीत. रस्ता आधी, शहर मागून, असं त्यांचं म्हणणं. वाशीला खाडीवरचा पूल आधी झाला, नवी मुंबई नंतर भरली. यात तथ्य आहे. पण नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तिने घरं बांधली, रेल्वे आणली, आणि गोडीगुलाबीने हेही झालं नाही. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळण्यासाठी उरण-पनवेलच्या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं, गोळ्या झेलाव्या लागल्या. नगर आपोआप उगवत नाही. ते वसवायला रस्त्याइतकाच पैसा, रस्त्यापेक्षा जास्त चिकाटी लागते आणि त्याला फीत कापायचा दिवस नसतो.

आता शक्तिपीठ महामार्गाचा वाद चालू आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, असा मूळ आराखडा. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही शक्तिपीठं जोडणार म्हणून हे नाव. कोल्हापुरात उसाच्या, काळ्या जमिनीच्या पट्ट्यातून विरोध इतका चिवट निघाला की २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. निवडणूक झाल्यावर विषय पुन्हा पुढे आला आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासह वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली.

"झाला पाहिजे," मामा म्हणाले. "नांदेड, परभणी, धाराशिवला कधी काय मिळालंय?"

"आणि मुंबई-गोवा? २०११ पासून पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण चालू आहे. कोकणातला माणूस गणपतीला चौदा तास रांगेत उभा राहतो. त्याच्या पुढे जाऊन गोव्याला दुसरा रस्ता?"

या प्रश्नाला मामांनी उत्तर दिलं नाही असं नाही. ते म्हणाले की मुंबई-गोवा केंद्राचा, ठेकेदार पळाले, जागा मिळाली नाही, वन खात्याने अडवलं. सगळी कारणं खरी आहेत. पण त्यातूनच दिसतं की अडथळे येतात तेव्हा ते दूर करायचे की नाहीत हे सरकार ठरवतं. समृद्धीला जमीन मिळेना तेव्हा कायद्याची वाट बदलून पाचपट दर आला, अधिकाऱ्यांची फौज गावोगावी बसली. रत्नागिरी-रायगडासाठी तशी घाई कुणाला झाली नाही.

मामा आणि भाची यांच्यात कोण जिंकलं, तर या लेखकाच्या मते रस्त्याच्या तंत्राबाबत मामा आणि रस्त्याच्या वापराबाबत भाची. लांब पल्ल्याचा वेगवान रस्ता महाराष्ट्राला हवा आहे. विदर्भाला तर तो पन्नास वर्षं उशिरा मिळाला. मात्र असा रस्ता उघडताना त्याची लांबी आणि वेळेची बचत सांगून भागत नाही. विश्रांतिस्थळं, अपघात उपचार केंद्रं, जुन्या रस्त्याची देखभाल आणि मधल्या गावांसाठी एसटीचे थांबे यांचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर तो अर्धवट रस्ता आहे आणि त्याचं उद्घाटन होऊ नये. समृद्धीवर जे राहिलं आहे ते पूर्ण होईपर्यंत शक्तिपीठाची कुदळ मारू नये, असंही हा लेखक म्हणेल. मामांना ते पटणार नाही.

ज्या जिल्ह्यांतून नवा मार्ग आखला जात आहे तिथल्या वाचकांनी, बाजूने असोत वा विरोधात, आपल्या आमदाराला आणि प्रांताधिकाऱ्यांना एवढं लेखी विचारावं: आमच्या तालुक्यात चढ-उताराची जागा कुठे, तिथे एसटी थांबणार का, शेताच्या दोन तुकड्यांना जोडणारा मार्ग किती उंचीचा आणि त्यातलं पाणी कोण काढणार, अपघात झाला तर सर्वांत जवळचं शस्त्रक्रियागृह किती किलोमीटरवर. अधिसूचना निघाल्यावर हरकत नोंदवायला एकवीस दिवस मिळतात.